विभागाच्या खर्चाविषयी तारांकित प्रश्न कसा लिहावा, म्हणजे त्याला नुसते ‘हे खरे नाही’ असे उत्तर देता येणार नाही?

नोंदवही

नमस्कार. एका विधानसभा सदस्यांच्या कार्यालयात मी सुमारे वर्षभरापासून संशोधन सहायक म्हणून काम करते. प्रश्नांचे मसुदे तयार करणे, कागदपत्रे जमवणे आणि सभागृहात उपयोगी पडतील अशी टिपणे लिहून देणे हे माझे काम आहे. गेल्या अधिवेशनात मी लिहिलेला एक प्रश्न तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मिळणारा, म्हणून स्वीकृत झाला, यादीत वरच्या क्रमांकावर आला आणि प्रत्यक्ष सभागृहात पुकारलाही गेला. नव्या माणसाला याहून मोठी संधी मिळत नाही. तरीही त्यातून काहीच निष्पन्न झाले नाही, आणि यात माझी चूक नेमकी कोठे झाली हे मला समजून घ्यायचे आहे.

प्रश्न साधारण असा होता: ‘राज्यातील विद्यार्थी वसतिगृहांच्या इमारतींसाठी गेल्या तीन वर्षांत मंजूर झालेला निधी अखर्चित राहिल्यामुळे बांधकामे बंद पडली असून विद्यार्थ्यांचे हाल होत आहेत, हे खरे आहे काय; असल्यास, शासनाने याची चौकशी करून दोषींवर कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे; नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

उत्तर आले: ‘(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.’

निधी अखर्चित राहिला होता याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती आणि आजही नाही. अर्धवट उभ्या असलेल्या दोन इमारती मी स्वतः पाहिल्या होत्या. सदस्यांनी दोन उपप्रश्न विचारले, मंत्री महोदयांनी ‘माहिती घेऊन योग्य ती कार्यवाही केली जाईल’ असे सांगितले आणि अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला. त्या मुलांची मला अजून आठवण येते, म्हणून विचारते. मसुदा कसा असायला हवा होता? खर्चाची चौकशी करण्यासाठी प्रश्न हे आयुध मुळात योग्य आहे का, की ते काम अनुदानांच्या मागण्यांवरील (विभागांसाठी पैसे मंजूर करताना होणाऱ्या) चर्चेत किंवा समितीत व्हायला हवे?

निवृत्त कक्ष अधिकारी

मी मंत्रालयात अनेक वर्षे आपण ज्यांवर नाराज आहात तशाच उत्तरांचे मसुदे लिहिले आहेत. त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने सांगतो.

आपल्या पहिल्या वाक्यात चार विधाने आहेत: निधी मंजूर झाला, तो अखर्चित राहिला, त्यामुळे कामे बंद पडली, आणि विद्यार्थ्यांचे हाल होत आहेत. ‘हे खरे आहे काय’ हे शब्द या चारही विधानांना एकत्र लागू होतात. मसुदा लिहिणारा अधिकारी त्यांतले सर्वांत कच्चे विधान शोधतो. कामे ‘बंद पडली’ नव्हती, ती ‘संथ गतीने सुरू’ होती असा अहवाल क्षेत्रीय कार्यालयाकडून आला असेल, तर संपूर्ण वाक्याला ‘हे खरे नाही’ असे उत्तर देता येते आणि त्यात शब्दशः खोटे काहीच नसते. ‘असल्यास’ने सुरू होणारा भाग त्याबरोबरच कोसळतो. अखर्चित निधीची गोष्ट, जी खरी होती आणि जिच्यासाठी आपण प्रश्न लिहिला होता, ती कोणी नाकारली नाही आणि कोणी मान्यही केली नाही.

प्रश्नाचा प्रवास कसा होतो हे समजले, तर मसुदा बदलतो. विधानमंडळ सचिवालयाकडून प्रश्न विभागाकडे येतो, विभागातून संबंधित कार्यासनाकडे, तेथून संचालनालयाकडे किंवा आयुक्तालयाकडे, आणि तेथून जिल्ह्याच्या कार्यालयाकडे. माहिती त्याच वाटेने परत वर येते आणि सचिवांच्या व मंत्र्यांच्या मान्यतेनंतर उत्तर अंतिम होते. या वाटेवरचा प्रत्येक जण एकच विचार करतो, तो म्हणजे उद्या या उत्तरात चूक निघाली तर जबाबदारी कोणाची. विशेषणाला विशेषणाने उत्तर देण्यात कोणालाच धोका नसतो. आकडा आणि दिनांक लिहून देण्यात मात्र धोका असतो, कारण तो नोंदवहीशी पडताळता येतो. म्हणूनच ज्या प्रश्नात आकडा आणि दिनांक मागितलेला असे, त्या धारिकेला (फाइलला) आमच्याकडे सर्वांत जास्त वेळ लागत असे आणि तिचेच उत्तर सर्वांत खरे असे.

नियमही हेच सांगतात. लोकसभेच्या कार्यपद्धती नियमांतील नियम ४१ नुसार प्रश्न साधारणपणे १५० शब्दांपेक्षा मोठा असू नये. त्यात युक्तिवाद, अनुमान, उपरोधिक शब्द, आरोप किंवा विशेषणे असू नयेत. त्यातून मत विचारले जाऊ नये. आणि सहज उपलब्ध असलेल्या दस्तऐवजांतील माहिती मागितली जाऊ नये. विधानसभांचे नियम बहुतांशी याच धर्तीचे आहेत. अनेक सदस्यांना हे नियम म्हणजे अडवणूक वाटते. माझे मत वेगळे आहे. ‘हाल होत आहेत’ हे शब्द काढून टाकावे लागल्याने प्रश्न दुबळा होत नाही, त्याची पळवाट बंद होते.

आता उपप्रश्नांविषयी, कारण आपली संधी खरे तर तेथे गेली. मूळ उत्तरासोबत मंत्र्यांसाठी आम्ही एक टिप्पणी तयार करत असू, आणि तिच्यात सदस्य कोणते उपप्रश्न विचारतील याचा अंदाज घेऊन प्रत्येकाचे उत्तर लिहिलेले असे. ‘दोषींवर कारवाई करणार का’, ‘कालमर्यादेत काम पूर्ण करणार का’, ‘उच्चस्तरीय चौकशी करणार का’ हे तीन उपप्रश्न आम्ही गृहीतच धरलेले असत. ज्याची आम्हाला खरोखर धास्ती वाटे तो उपप्रश्न छोटा असे: ‘अमुक जिल्ह्यातील अमुक इमारतीचा कार्यादेश (काम सुरू करण्याचा आदेश) कोणत्या दिनांकास दिला?’ सभागृहातील अधिकाऱ्यांच्या गॅलरीत बसलेला अधिकारी त्या वेळी चिठ्ठी लिहू लागतो, आणि ती चिठ्ठी मंत्र्यांच्या हातात पोहोचेपर्यंत उत्तर द्यावेच लागते.

लेखाशीर्ष

वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्यात एका गोष्टीची भर घालतो, कारण नोंदवही यांच्या प्रश्नातील सर्वांत धूसर शब्द माझ्या मते ‘हाल’ नसून ‘निधी’ हा आहे.

सरकारी हिशेबात निधी एका ठिकाणी नसतो. अर्थसंकल्पात एखाद्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या ठराविक क्रमांकाच्या सदराखाली, तरतूद होते, पुरवणी मागणीने ती वाढू शकते, पुनर्विनियोजनाने दुसरीकडे वळवली जाऊ शकते. वित्त विभाग त्यातला काही भाग वितरित करतो. वितरित झालेल्यातला काही भाग खर्च होतो, आणि उरलेला वर्षअखेरीस समर्पित केला जातो (विभाग तो परत करतो) किंवा व्यपगत होतो (आपोआप रद्द होतो). तरतूद १०० रुपये, वितरण ६० रुपये आणि खर्च ५८ रुपये असेल, तर विभाग पूर्ण प्रामाणिकपणे म्हणू शकतो की उपलब्ध निधीपैकी जवळजवळ सर्व निधी खर्च झाला. ‘अखर्चित’ हा शब्द तरतुदीच्या तुलनेत वापरला की वितरणाच्या, हे आपण सांगितले नाही. मग त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार उत्तर देणाऱ्याकडे गेला.

याहून फसवी जागा पुढे आहे. बांधकामाचे पैसे पुष्कळदा महामंडळाला, प्राधिकरणाला किंवा एखाद्या कार्यान्वयन यंत्रणेला दिले जातात, किंवा स्वीय प्रपंजी लेख्यात (अधिकाऱ्याच्या नावे उघडलेल्या स्वतंत्र सरकारी खात्यात) जमा केले जातात. पैसे संचित निधीतून (शासनाच्या मुख्य तिजोरीतून) बाहेर पडले की लेख्यात ‘खर्च’ नोंदला जातो, पण वीट एकही रचली गेलेली नसते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालांत अशा लेख्यांतील पडून राहिलेल्या रकमांवर आणि प्रलंबित उपयोगिता प्रमाणपत्रांवर (पैसे ठरलेल्या कामावर वापरल्याच्या दाखल्यांवर) वारंवार आक्षेप घेतले जातात, ते यामुळेच. म्हणून खर्च किती झाला हे विचारल्यावर लगेच विचारावे, की त्यापैकी किती रकमेची उपयोगिता प्रमाणपत्रे प्राप्त झाली आणि किती रक्कम यंत्रणेच्या खात्यात शिल्लक आहे.

कागदपत्रे वाचण्याची एक सवय लावून घ्यावी. लेखाशीर्षाचे पहिले चार अंक म्हणजे मुख्य शीर्ष. ते २००० ते ३९९९ या टप्प्यात असेल तर तो महसुली खर्च, ४००० ते ५९९९ मध्ये असेल तर भांडवली. उदाहरणार्थ, २२०२ हे सर्वसाधारण शिक्षणाचे महसुली शीर्ष आणि ४२०२ हे शिक्षण, क्रीडा, कला व संस्कृती यांवरील भांडवली खर्चाचे. इमारत नव्याने बांधायची असेल तर पैसा भांडवली शीर्षाखाली शोधावा लागतो. डागडुजीचा पैसा महसुलीत असतो. अर्थसंकल्पीय पुस्तिकेत गेल्या वर्षांचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज शेजारी शेजारी छापलेले असतात. अर्थसंकल्पीय आणि सुधारित अंदाजांतील फरक मोठा दिसला, तर तुमचा प्रश्न तेथेच सापडला असे समजा. महाराष्ट्रापुरते सांगायचे तर ‘बीम्स’ या संगणकीय प्रणालीवर तरतूद, वितरण आणि खर्च यांचे आकडे पाहता येतात. प्रश्न लिहिण्याआधी ते पाहून घ्यावेत, म्हणजे उत्तराची पडताळणी सभागृहात उभ्या उभ्या करता येते.

महिन्यानुसार खर्चही मागावा. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत वर्षाच्या अखेरच्या महिन्यांतील खर्चाची घाई ही वित्तीय औचित्याचा भंग मानली आहे, आणि केंद्रीय मंत्रालयांना शेवटच्या तिमाहीत ३३ टक्के व एकट्या मार्च महिन्यात १५ टक्के अशी मर्यादा घातली गेली आहे. वर्षभर थांबलेला पैसा मार्चअखेर एका दिवसात ‘खर्च’ झालेला दिसला, तर तो कोठे गेला हा पुढचा उपप्रश्न आपोआप तयार होतो.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. खर्चाला मंजुरी देण्याचा अधिकार लोकसभेचा आणि विधानसभेचा आहे: संसदेसाठी संविधानाचा अनुच्छेद ११३ आणि राज्यांसाठी अनुच्छेद २०३. खर्च अनुदानांच्या मागण्यांच्या रूपाने सभागृहापुढे येतो. सभागृह मागणी मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते; वाढवू मात्र शकत नाही. कपात सूचना हे त्यासाठीचे आयुध आहे आणि लोकसभेच्या नियमांत तिचे तीन प्रकार आहेत. धोरणच अमान्य असेल तर मागणी १ रुपयावर आणण्याची सूचना देतात. काटकसर सुचवायची असेल तर नेमकी रक्कम सांगून तेवढी कमी करण्याची. आणि एखादे विशिष्ट गाऱ्हाणे मांडायचे असेल तर १०० रुपयांची लाक्षणिक कपात. कपात सूचना सहसा मंजूर होत नाही, कारण ती मंजूर होणे म्हणजे सरकारवरील विश्वासाचाच प्रश्न होतो. तरी शंभर रुपयांच्या सूचनेचे मोल मला फार वाटते. तिच्यामुळे एका वसतिगृहाचे गाऱ्हाणे थेट त्या विभागाच्या मागणीला जोडले जाते, आणि पैसे मागायला उभ्या असलेल्या मंत्र्यांना त्यावर बोलावे लागते.

दुर्दैवाने यालाही मर्यादा आहेत. चर्चेसाठी ठरलेला कालावधी संपला की उरलेल्या सर्व मागण्या चर्चेविना एकत्र मतास टाकल्या जातात, ज्याला गिलोटिन म्हणतात. २०१८ आणि २०२३ या दोन्ही वर्षी लोकसभेत गोंधळामुळे साऱ्या मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविनाच मंजूर झाल्या. सभागृहाचे कामकाज बंद पाडणाऱ्या कोणत्याही बाजूच्या सदस्याने हे लक्षात ठेवायला हवे, की त्या दिवशी सर्वांत अधिक सुटका मंत्र्यांची होते.

नोंदवही

आपणा दोघांचेही मनापासून आभार. ‘निधी’ या शब्दाविषयीचे स्पष्टीकरण वाचल्यानंतर मी त्या विभागाचे आकडे पुन्हा काढले. तरतुदीचा मोठा भाग वितरितच झाला नव्हता, आणि जो वितरित झाला तो एका यंत्रणेच्या खात्यात वर्ग होऊन ‘खर्च’ म्हणून नोंदला गेला होता. म्हणजे आमच्या प्रश्नाचे उत्तर विभागाच्या दृष्टीने खरे होते, आणि तरीही इमारती अर्धवट होत्या.

एक शंका राहते. याच विभागात इमारती बांधण्याऐवजी भाड्याच्या जागा घेण्याकडे कल वाढला आहे. हा खर्चाचा प्रश्न आहे की धोरणाचा? धोरणाविषयी विचारले की ‘बाब शासनाच्या विचाराधीन आहे’ एवढेच उत्तर मिळते.

दूरचा वाचक

धोरणाचा प्रश्न थेट विचारला की तो बहुधा हरवतो. वर ज्या नियम ४१ चा उल्लेख आला त्यातच असेही म्हटले आहे, की एका उत्तराच्या मर्यादेत मावणार नाही इतक्या व्यापक धोरणाचा प्रश्न विचारता येत नाही. म्हणून धोरणाकडे त्याच्या खुणांवरून जावे लागते. बांधण्याऐवजी भाड्याने घेण्याचा निर्णय कोणत्या दिनांकाच्या शासन निर्णयान्वये झाला, त्याआधी दोन्ही पर्यायांच्या खर्चाची तुलना करण्यात आली होती काय, ती कोणी केली आणि ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल काय, असे विचारावे. तुलना केली असेल तर कागद मिळेल. केली नसेल तर ‘नाही’ असे उत्तर मिळेल, आणि ते ‘नाही’ पुढच्या अर्धा तास चर्चेचा पाया होईल. उत्तरातील तथ्यांचा अधिक खुलासा आवश्यक असेल तेव्हा अर्धा तास चर्चेची सूचना देता येते, आणि तारांकित प्रश्नाच्या काही मिनिटांपेक्षा ती कितीतरी अधिक वाव देते.

साधी प्रश्नोत्तरे एखाद्या मोठ्या प्रकरणापर्यंत कशी पोहोचतात याचे सर्वांत चांगले उदाहरण मला १९५७ चे वाटते. नुकत्याच राष्ट्रीयीकरण झालेल्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे १ कोटी २४ लाख रुपयांचे समभाग घेतले होते. लोकसभेत याविषयी आधी प्रश्न विचारले गेले, त्यांना मिळालेली उत्तरे अपुरी होती, आणि डिसेंबरमध्ये फिरोज गांधी यांनी सत्ताधारी बाकांवरूनच ते सारे व्यवहार तपशीलवार मांडले. न्यायमूर्ती छगला यांच्या आयोगाने जाहीर सुनावणी घेतली आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना पद सोडावे लागले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अपुरे मिळणे हा तेथे शेवट नव्हता, सुरुवात होती.

समितीविषयी माझे मत थोडे कडक आहे. संसदेत १९९३ पासून विभागांशी संबंधित स्थायी समित्या आहेत. २००४ पासून त्या २४ आहेत आणि प्रत्येकीत ३१ सदस्य असतात. त्या मागण्यांची छाननी करतात, सचिवांची साक्ष घेतात आणि अहवाल देतात. लेखापरीक्षण अहवाल तपासणाऱ्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद १९६७ पासून विरोधी पक्षाकडे असते. हे सारे मोलाचे आहे. पण वित्तीय समितीपुढे मंत्र्यांना साक्षीसाठी बोलावले जात नाही, असा लोकसभेच्या अध्यक्षांचा निदेशच आहे. २०१० मध्ये दूरसंचार तरंगलहरींच्या वाटपाच्या वादात पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी लोकलेखा समितीपुढे येण्याची तयारी स्वतःहून दाखवली, तेव्हा त्या प्रथेवरच वाद झाला. परिणामी धोरण ठरवणारा मंत्री समितीबाहेर राहतो आणि धोरणाविषयी बोलण्याचा अधिकार नसलेला सचिव समितीपुढे बसतो.

इतरत्र असे नाही. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये १९७९ पासून असलेल्या विभागवार समित्यांपुढे मंत्री स्वतः येऊन तास-दोन तास प्रश्नांना उत्तरे देतात, आणि बहुतेक सुनावण्या जाहीर असतात. ऑस्ट्रेलियाच्या सिनेटमध्ये १९७० पासून अंदाजांची सुनावणी घेणाऱ्या समित्या आहेत. तेथे मंत्री आणि अधिकारी एकाच टेबलाशी बसतात, धोरणाचा प्रश्न मंत्र्यांकडे जातो, तपशिलाचा अधिकाऱ्यांकडे, आणि ज्याचे उत्तर तत्काळ देता येत नाही ते लेखी देण्यासाठी नोंदवून घेतले जाते. याच्या उलट टोकाला कॅनडाच्या कनिष्ठ सभागृहातील रोजचा ४५ मिनिटांचा प्रश्नकाळ आहे, ज्यात पूर्वसूचना नसते आणि प्रश्नाला व उत्तराला प्रत्येकी सुमारे ३५ सेकंद मिळतात. अशा वेळात लेखाशीर्षाविषयी कोणी विचारू शकत नाही. खर्चाची चौकशी ही सावकाश, कागद समोर ठेवून, त्याच माणसाला सलग दहा प्रश्न विचारून करण्याची गोष्ट आहे, आणि आपल्या सभागृहांनी तिच्यासाठी अशी जागा निर्माण करावी असे मला फार वाटते.

निवृत्त कक्ष अधिकारी

एका मुद्द्यावर असहमती नोंदवतो. मंत्री समितीपुढे आले तर सचिव काय बोलतील याचाही विचार करावा. मी समितीपुढे साक्षीसाठी गेलेल्या अधिकाऱ्यांसोबत बसलो आहे. मंत्री शेजारी नसल्यामुळेच काही सचिवांनी तरतूद का परत गेली हे सरळ सांगितले आणि समितीने पुढचे कागद मागवले. बैठक बंद दाराआड होत असल्याचाही त्यात वाटा होता. मंत्री शेजारी असते तर तीच माणसे गप्प राहिली असती. जाहीर सुनावणीचा लाभ मी नाकारत नाही, पण लेखापरीक्षण अहवालावरची साक्ष आणि धोरणावरची सुनावणी या दोन वेगळ्या बैठका असाव्यात. केरळ विधानसभेच्या विषय समित्यांत संबंधित मंत्रीच पदसिद्ध अध्यक्ष असतात. तेथे छाननी किती मोकळेपणाने होत असेल असा प्रश्न मला पडतो.

दूरचा वाचक

दोन वेगळ्या बैठका असाव्यात हे मान्य. माझा आग्रह धोरणाच्या बैठकीपुरताच होता, आणि तो मी अधिक स्पष्टपणे लिहायला हवा होता.

पटलावर

सर्वांनी एक गोष्ट सोडली आहे. नोंदवही यांच्या सदस्यांना मंत्री महोदयांनी ‘माहिती घेऊन योग्य ती कार्यवाही केली जाईल’ असे सांगितले होते. हे वाक्य वाया गेलेले नाही. लोकसभेत १९५३ पासून शासकीय आश्वासनांविषयीची समिती आहे, आणि कोणती वाक्ये आश्वासन मानायची याची यादीच तिने केलेली आहे. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’, ‘बाब विचाराधीन आहे’ अशी वाक्ये तिच्यात येतात. तेथे आश्वासनाची पूर्तता तीन महिन्यांत होणे अपेक्षित असते, आणि न झाल्यास मंत्रालयाला मुदतवाढ मागावी लागते. महाराष्ट्र विधानमंडळातही आश्वासन समिती आहे. आपण त्या दिवसाचे कामकाजवृत्त काढा, वाक्य शब्दशः उतरवून घ्या, दिनांक लिहा आणि ते आश्वासन म्हणून नोंदले गेले आहे काय याची चौकशी सदस्यांच्या सहीने करा. नोंदले गेले असेल तर तो प्रश्न अजून जिवंत आहे.

नोंदवही

हे मला मुळीच सुचले नव्हते. उद्याच कामकाजवृत्त मागवते. दरम्यान नवा मसुदा असा केला आहे, कृपया पाहावा:

‘(१) विद्यार्थी वसतिगृहांच्या बांधकामासाठी २०२३-२४ व २०२४-२५ या वर्षांत मूळ अर्थसंकल्पात व पुरवणी मागण्यांद्वारे किती तरतूद करण्यात आली, (२) त्यापैकी किती निधी कोणत्या दिनांकांस वितरित झाला, किती समर्पित करण्यात आला, आणि कार्यान्वयन यंत्रणेकडे वर्ग केलेल्या रकमेपैकी किती रकमेची उपयोगिता प्रमाणपत्रे आजमितीस प्राप्त झाली आहेत, (३) मंजूर इमारतींपैकी किती इमारतींचे कार्यादेश दिले, किती पूर्ण झाल्या, व प्रत्येकीची मूळ मुदत काय होती, याचा जिल्हानिहाय तपशील काय आहे?’

निवृत्त कक्ष अधिकारी

मसुदा चांगला आहे. तीन बदल सुचवतो.

पहिला भाग काढा. ती माहिती अर्थसंकल्पीय पुस्तिकेत छापलेली आहे, आणि सहज उपलब्ध दस्तऐवजांतील माहिती मागितली या कारणाने प्रश्न अस्वीकृत होऊ शकतो. तरतुदीचा आकडा आणि लेखाशीर्ष तुम्हीच लिहा, आणि एवढ्याच एका विधानाला ‘हे खरे आहे काय’ जोडा. त्याला ‘होय’ शिवाय दुसरे उत्तर देता येणार नाही, आणि ‘असल्यास’ने सुरू होणारे पुढचे सारे भाग उभे राहतील.

‘आजमितीस’ऐवजी ३१ मार्च २०२५ असा दिनांक लिहा. आजमितीस म्हणजे कोणत्या दिवशी, यावर दोन कार्यालये दोन वेगळे आकडे पाठवतात आणि मग माहिती जुळत नाही म्हणून उत्तर लांबते.

सर्व जिल्ह्यांचा तपशील मागू नका, कारण ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असे लिहायला ते सर्वांत सोयीचे निमित्त असते. ज्या दोन अर्धवट इमारती तुम्ही स्वतः पाहिल्या आहेत त्यांचे जिल्हे आणि ठिकाणे लिहा आणि त्यांचेच कार्यादेशांचे दिनांक विचारा. तिसरे एखादे ठिकाण तुमच्याकडे असेल तर ते प्रश्नात लिहू नका. सदस्यांना उपप्रश्नासाठी चिठ्ठीवर लिहून द्या.